नवलकोलाच्या वाफ्यातले पेले

थंडीचे तीन संत आणि त्यांच्या मागून येणारी सोफीबाई, म्हणजे ज्यांच्या सणांना शेवटचं हिव पडतं ती मंडळी, मे महिन्यात एकदाची निघून गेली, की आमच्या डोंगराळ मुलखात रोपं बाहेर लावायला हरकत नसते. लिबुशेनंही लावली. नवलकोलाची चाळीस रोपं. तिच्या नवऱ्यानं, आलोईसनं, ती फेब्रुवारीपासून खिडकीत लेकरासारखी वाढवली होती. मग आठ दिवस पावसाची झड लागली आणि नवव्या सकाळी पाहते तर काय, अकरा रोपांचे नुसते दांडे! बोटाएवढ्या तांबड्या, बिनशंखाच्या गोगलगायी वाफ्यातून ऐटीत चालल्या होत्या. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते उगाच नाही.

लिबुशेला रडूच कोसळलं. नवलकोलासाठी कोण रडतं हो? पण त्या रोपांवर तिचा नवरा तग धरून होता. जानेवारीत डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, यकृताची पार वाट लागलीय, यापुढे एक थेंब नाही. तीस वर्षं रोज संध्याकाळी गावच्या बिअरच्या दुकानात बसलेला माणूस घरी बसला. थरथरत्या हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं बिया पेरल्या. "ही जगली तर मीही जगेन बघ," असं तो एकदा हसत म्हणाला होता. तिनं ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

तिनं वाफ्याभोवती राख टाकली, ती पावसात वाहून गेली. अंड्यांची टरफलं टाकली, त्यांच्यावरून त्या बया सरळ चालत गेल्या. शेजारची व्लास्ता कुंपणावर कोपरं टेकून हा तमाशा बघत होती.

"राखेनं का मरतात त्या? दह्याचे रिकामे पेले पूर मातीत आणि भर बिअर. वासानं येतात नि बुडून मरतात. आमच्या ह्यांच्यापेक्षा सुखाचं मरण!"

"घरात बिअर नको गं. आलोईस आहे ना."

"अगं, बिअर म्हणजे काय दारू का? आणि गोगलगायींना द्यायचीय, त्याला नाही!"

बिअर म्हणजे दारू नव्हे, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. लिबुशेलाही पटलं. व्लास्ताकडूनच चार बाटल्या आणून तिनं सहा पेले पुरले आणि भरले. आलोईस पायरीवर बसून बघत होता.

दुसऱ्या सकाळी पेल्यांत गोगलगायींचा नुसता खच! तिनं कौतुकानं त्याला हाक मारून दाखवला. तो "छान" म्हणाला आणि आत निघून गेला. तिनं पेले पुन्हा भरले.

तिसऱ्या सकाळी सहाच्या सहा पेले रिकामे. एकातही गोगलगाय नाही. एखाद्या जनावरानं प्यायली म्हणावी, तर सहाही पेले? रोपांकडे न बघताच ती घरात धावली. आलोईस स्वयंपाकघरात चहा घेऊन बसला होता. केस ओले, गुडघ्यांना चिखल. ती फडकं घेऊन स्वच्छ टेबल पुसायला लागली. पुसता पुसता त्याच्या तोंडाशी वाकली आणि हळूच श्वास घेतला. एकदा. मग पुन्हा एकदा.

"नीट हुंग," तो म्हणाला आणि त्यानं तोंड उघडून धरलं.

चहाचा वास होता. दुसरा कसलाच नाही. लाजेनं तिचे कान तापले.

"मीच ओतली सगळी, खताच्या ढिगावर," तो म्हणाला. "काल तू उठायच्या आधी मी तिथं गेलो होतो. पेला उचलला, लिबुशे. वर मेलेली गोगलगाय तरंगत होती. बोटानं बाजूला सारली आणि पेला ओठांपर्यंत नेला." त्यानं हात टेबलाखाली घेतले. "कसा खाली ठेवला, माझं मला ठाऊक. आज पहाटे आधी पेले ओतले आणि मग हातांनीच वेचल्या सगळ्या. बादलीभर निघाल्या."

"मला का नाही सांगितलंस? ओरडायचंस ना माझ्यावर!"

"काय सांगू? लहानपणी ताप आला की आई मला बिअरच पाजायची. इथं बिअरला कोण घाबरतं? म्हटलं, तूही हसशील."

ती खरंच हसली असती.

"आग लागो त्या नवलकोलाला," ती म्हणाली आणि रडू लागली. "ते पेले मीच आणून ठेवले तुझ्यापुढे. आणि वर तोंड हुंगत बसले. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता रे."

"माझा तरी कुठे आहे? म्हणून तर ओतून दिली."

तिनं त्याचे हात टेबलाखालून ओढून घेतले आणि नळाखाली धरले. गोगलगायींचा चिकटा साबणानंही सुटत नव्हता, तरी ती चोळत राहिली.