उघडी राहिलेली कडी

ऐका, ही तार बोलतेय. लाकडी माशाच्या नाकापासून शेपटीपर्यंत आरपार बसवलेली, पोटाखालची कडी उघडी पडलेली तार. मी रागावलेय, आणि तो राग साखर घोळून सांगायची माझी अजिबात तयारी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जाड सळईला बारीक, मग आणखी बारीक भोकांतून ओढून मला घडवलं. त्या ओढाताणीतून अंगात ताठा आला. मला वाकवा आणि सोडा, मी ताडकन सरळ होणार. हाच माझा स्वभाव आणि हीच माझी किंमत.

पुढे हार्डवेअरच्या दुकानात वेटोळं होऊन खिळ्याला लटकले. शेजारी बांधकामाची काळी तार. बोटाने वाकवाल तशी वाकते, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. एक दिवस एक मुलगी आली आणि इतक्या हळू बोलली की दुकानदाराने दोनदा "काय?" केलं.

"मासे धरायला लाकडाचे खोटे मासे बनवतो आम्ही. त्यांना गळ अडकवायला तार हवी."

"मग ही न्या. सगळे हीच नेतात."

तिने काळीचा तुकडा वाकवून पाहिला. वाकला तसाच राहिला. "हिची कडी तर मासा ओढून सरळ करेल," ती पुटपुटली. मग तिने माझं टोक धनुष्यासारखं वाकवून सोडलं. मी टणकन उसळले, ती किंचाळून मागे सरकली आणि बादल्यांची चळत धाडधाड कोसळली.

"अगं पोरी, तार घेतेस की साप?"

"हीच द्या," ती म्हणाली. हात अजून छातीवरच होता. मला वाटलं, हिचं आणि आपलं जमणार. दोघीही दचकणाऱ्या, पण वाकवलं तसं राहणाऱ्या नव्हेत.

घरामागच्या खोलीत तिचे बाबा लाकूड तासून मासे घडवायचे, दादा कड्या वळवायचा आणि हिने फक्त डोळे रंगवायचे. कॉलेज शिकून आलेली पोर, तिला डोळे रंगवायला बसवली होती! बाबा आजवर लाकडात छोटे कडीचे स्क्रू पिळायचे, आणि तळ्यातला मोठा मासा ते लाकडासकट उपटून न्यायचा. हिचं म्हणणं, पोटात खाच पाडून एकच तार आरपार घाला, सगळ्या कड्या तिच्याच वळवा. ओढ तारेवर येऊ दे, लाकडावर नको.

"बरं," बाबा म्हणाले. "उद्या तळ्यावर तार टिकली, तर यापुढे सामान तू निवडायचंस. नाही टिकली, तर मुकाट्याने डोळे रंगवायचे. कबूल?"

"कबूल." आवाज कापत होता, पण म्हणाली.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते तेव्हा दादाने मला हातात घेतलं. नाकाची कडी झाली, शेपटीची झाली, पण पोटाखालची कडी काही केल्या वळेना. मी पुन्हा पुन्हा उसळले, त्याचा अंगठा सोलवटला. अशा वेळी माणूस काय करतो? दम खातो, नाहीतर कुणाला तरी हाक मारतो. पण धाकट्या बहिणीला हाक मारायची? छे! नाक कापलं गेलं असतं ना!

त्याने मला पक्कडीत धरून गॅसच्या आचेवर लाल केलं.

त्या क्षणी माझ्यातलं काय गेलं हे मला विचारा. सगळा ताठा उतरला. कडी लोण्यासारखी वळली. दादा शीळ घालत होता! अंगावर चढलेला निळा-काळा डाग त्याने पॉलिश पेपरने घासून काढला, मला खाचेत बसवून खाच बुजवायला वर लांबी भरली आणि गुपचूप सुकायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होडीतून बाबांनी आमचा लाकडी मासा बांधलेली दोरी फेकली. मासा आला तोही कसा, होडी फिरवणारा! सगळा भार पोटाच्या कडीवर. मी धरायची धडपड केली हो, पण कशाने धरणार? कडी उघडली. मासा गेला आणि तीन काट्यांचा गळ जबड्यात घेऊन गेला. आता तो खातो कसा, हे मला सांगा. कुणी विचारलं?

घरी आल्यावर बाबांनी मला टेबलावर आपटलं.

"सांगत होतो मी," दादा म्हणाला. "या भित्र्या भागूबाईने चकाकी बघून उचलली. तारच कुचकी निघाली."

मी कुचकी? मी? त्या वेळी मला तोंड असतं तर!

बाबांनी रंगाची डबी तिच्यापुढे सरकवली, बस्स. तिचे डोळे भरले. पण तिने मला उचललं आणि उघड्या कडीला सहज बोट लावलं. कडी वाकली आणि तशीच राहिली. ती थबकली. मग उठून तिने वेटोळ्यातला एक तुकडा तोडला, वाकवला. तो उसळला आणि डबीवर ठणकन आदळला. तिघेही दचकले.

"बाबा, डोळे मिटा आणि या दोन्ही वाकवून बघा."

बाबांनी दोन्ही वाकवून पाहिल्या. मग पक्कड उचलून उजेडात धरली. "हिची टोकं निळी कशी रे झाली?"

दादा अंगठा चोळत राहिला. "थोडीशीच तापवली. वळतच नव्हती."

"मग मला हाक मारायचीस!" ती ओरडली. असा आवाज त्या खोलीने तिचा कधी ऐकला नव्हता. तीही स्वतःच्या आवाजाला दचकली, पण थांबली नाही. "माझं नाव घालवायला वेळ होता तुला, हाक मारायला नव्हता?"

बाबांनी पक्कड तिच्या हातात दिली. दादा खालमानेने म्हणाला, "ती कडी परत वळवून दे, चालून जाईल."

"हा पाण्यात जाणार नाही," ती म्हणाली, आणि तिने मला दादाच्या स्टुलासमोरच्या भिंतीवर टांगलं.

आता ती माझ्याच वेटोळ्यातल्या बहिणींना न तापवता, थंडच वळवते. दचकते, पुन्हा धरते. माझा राग मात्र गेलेला नाही. तळ्यात एक जबडा गळ घेऊन फिरतोय. म्हणून सांगते, मी वळत नसेन तर मला खाली ठेवा, शिव्या घाला, दुसऱ्या कुणाला बोलवा. पण आपल्या सोयीसाठी जाळून मऊ करायचं आणि वर मलाच कुचकी म्हणायचं, हे चालणार नाही.

दादा रोज खाली बसतो. बसताना एकदा तरी वर बघतो. माझी कडी तशीच उघडी आहे. ती कुणी मिटू नका.