कोऱ्या कापडावरचा शनी

वडप्याच्या सतरा नंबरच्या गोडाऊनमध्ये शनी प्रत्यक्ष उतरतो, हे कळल्यापासून पार पडघ्याचे पालकसुद्धा तिथे रांगेत दिसायला लागले. आधी त्या गोडाऊनमध्ये फ्रीज उतरायचे. शनी उतरू लागल्यावर पार्किंगची सोय झाली, एवढाच फरक.

बाबांचं नाव कौलनाथ. त्यांचं काम एकच : बारावी झालेल्या मुलांनी पुढे काय शिकावं, हे ग्रहांना विचारून सांगणं. पद्धत अगदी उघड्यावरची होती. पालकांनी कोरं कापड आणायचं, लूमवरून उतरलेलं, पाणी न लागलेलं. धुतलेलं कापड देवकार्याला चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुलाची इच्छा या कोऱ्या कापडाच्या पट्टीवर. देवाची इच्छा बाबांच्या जुन्या उपरण्याच्या पट्टीवर. मग दोन्हींवर पिवळट तीर्थाचा एकेक थेंब. शनी जिथे बसेल ती पट्टी काळीनिळी पडणार आणि ती इच्छा बाद होणार.

शनी नेहमी मुलाच्याच पट्टीवर बसायचा. इंजिनिअरिंगवर बसला, नर्सिंगवर बसला, एका मुलाच्या चित्रकलेवर तर फेरतपासणीतही बसला. देवाची इच्छा मात्र दरवेळी एकच निघायची : लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा. त्याचे क्लास शेजारच्या गोडाऊनमध्ये चालत आणि ते बाबांचा मेहुणा चालवत असे. देवाला लांब जायला लागू नये, असा हेतू असावा.

त्या दिवशी रांगेत आम्ही होतो. बाळारामकाका, त्यांची मोठी बहीण आक्का, काकांची मुलगी मृणाली आणि मी, तिचा चुलतभाऊ हितेश. मागे कापडाचा तागा धरून काकांच्या शेडमधला लूम कारागीर रामनाथ. मृणालीला कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला जागा मिळाली होती. संध्याकाळपर्यंत वडिलांसोबत जाऊन ती पक्की केली नाही, तर पुढच्या मुलाला जाणार होती. काका यायला तयार होते. फक्त जाता जाता शनीला विचारायचं होतं.

बायोकेमिस्ट्रीचं खूळ तिच्या डोक्यात काकांच्या धंद्यातूनच आलं. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ पाजतात, त्याला साइझिंग म्हणतात. पुढे कापड धुवायला गेलं की तिथे एक पूड वापरतात. ती खळ खाते आणि कापडाला तोंड लावत नाही. पुडीला हे कळतं कसं, असा प्रश्न मृणालीला लहानपणीच पडला होता. घरात बाकी कुणाला तो पडला नाही. आमचं बालपण निरोगी होतं.

"त्यो बायो करून माणूस काय व्हतो गं?" आक्काने रांगेत विचारलं.

"बायोकेमिस्ट."

"म्हंजी डॉक्टर?"

"नाही गं. अंगात कशाचं काय होतं ते शोधायचं. औषधं, एन्झाइम, लॅबचं काम."

"म्हंजी डॉक्टर न्हाय, इंजिनिअर न्हाय. मंग लग्नात लोकांना सांगू काय आमी?"

मृणालीने माझ्याकडे पाहिलं. मी गोडाऊनमध्ये खोके स्कॅन करतो आणि लग्नात 'आयटीत आहे' असं सांगतो.

आमचा नंबर आला.

"बोल बालिके," बाबा म्हणाले, "ग्रहमंडळ ऑनलाइन आहे."

"बायोकेमिस्ट्री."

बाबांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी शिष्याकडे, चांगदेवकडे पाहिलं. चांगदेवने थोडा विचार केला आणि म्हणाला, "उष्ण पडतं, बाबा."

थेंब पडला. आमच्या कोऱ्या कापडाची पट्टी काळीनिळी झाली. उपरण्याची पट्टी पिवळसर राहिली. गर्दीने सुस्कारा सोडला. काका मान खाली घालून म्हणाले, "ऱ्हायलं."

मृणालीने आमच्याच ताग्याची आणखी एक पट्टी फाडली, तोंडात घातली आणि शांतपणे चघळत बसली.

"पोर उपाशी हाय का रं?" आक्काने मला विचारलं.

बराच वेळ चघळून तिने पट्टी बाहेर काढली, पसरली आणि चांगदेवच्या हातातलं तीर्थ स्वतःच त्यावर टाकलं. पट्टी पिवळसरच राहिली.

"यात शनी नाही, खळ आहे," ती म्हणाली. "तीर्थात आयोडीन आहे, जखमेवर लावतात ते. खळ म्हणजे स्टार्च. त्याला आयोडीन लागलं की रंग काळानिळा होतो. आपल्या थुंकीत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, त्याने मघाशी ती खळ खाल्ली. बाबांचं उपरणं किती वेळा धुतलंय, त्यात खळ उरलेलीच नाही. म्हणून देवाची इच्छा कधी काळी पडत नाही."

मला वाटलं, बाबांचा खेळ संपला. इथल्या अर्ध्या लोकांची पोटं लूमवर चालतात. खळ कमी पडली म्हणून साइझिंगवाल्याची गचांडी धरणारे हे लोक. यांना नाही कळणार तर कुणाला?

काकांचे डोळे भरून आले.

"आक्का," ते म्हणाले, "माज्या पोरीनं शनी गिळला."

आक्का सर्वांत आधी मृणालीच्या पाया पडली. बाबा आसनावरून उतरून दुसरे पडले. माणूस धंद्यात मुरलेला होता.

मी घाईघाईने एक पट्टी तोंडात घातली, तिच्याएवढाच वेळ चघळली आणि थेंब टाकला. पिवळसरच. "बघा, माझ्याही थुंकीने होतं," मी म्हणालो.

"होणारच," मागून एक पालक म्हणाले, "एकाच घरचं रक्त."

मग मी रामनाथला पुढे ढकललं. "भाई, तू चबा."

त्याने चघळली. पिवळसर. "मैं तो गोरखपुर का हूँ," तो सगळ्यांना म्हणाला, "मेरा इनसे क्या रिश्ता?"

"देवी परप्रांतीयालाही पावली," त्याच पालकांनी जाहीर केलं. त्यानंतर सगळं गोडाऊन पट्ट्या चघळायला लागलं. एकाचीही पट्टी काळी पडली नाही आणि प्रत्येक पट्टीगणिक मृणालीची शक्ती वाढत गेली.

"पप्पा, कल्याणला निघायचंय," मृणाली म्हणाली. "जागा जाईल."

"देवीनं रिक्षात बसायचं?" काका म्हणाले. "खिडकीशी लायनीत उभं ऱ्हायचं?"

जागा गेली.

आता दर गुरुवारी ती सतरा नंबरमध्ये बसते. बसवतात. प्रत्येक गुरुवारी ती सुरुवातीलाच सगळं खरं सांगते : खळ, आयोडीन, थुंकी. लोक हात जोडून तिच्यामागून म्हणतात, "अमायलेज, अमायलेज." एकदा वैतागून ती गप्प बसली, तर ते मौन ठरलं आणि गर्दी दुप्पट झाली. मुलांनी काय शिकावं असं विचारलं की ती म्हणते, "ज्याला जे आवडतं ते." शेजारी बसलेले बाबा त्याचा अर्थ समजावतात : लॉजिस्टिक्स.

तिला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय. काकांची हरकत नाही, फक्त आधी देवीचा कौल हवा. देवी दरवेळी हो म्हणते. काका म्हणतात, देवी स्वतःचीच बाजू घेते, असला कौल धरता येत न्हाय.

मी त्यांच्याशी वाद घालून थकलोय. म्हणून तुम्हाला सांगतो. मेडिकलमधून आयोडीन आणा. कोरं सुती कापड मिळालं तर उत्तम, नाहीतर भाताचं शीत घ्या. थुंकी स्वतःची वापरा, आमच्या घरची लागत नाही. काय काळं पडतं, काय पडत नाही आणि का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बघून झालं की कुणाच्याही पाया पडू नका. आणि घरात एखादी पोर बायोकेमिस्ट्री म्हणत असेल, तर लोकांना काय सांगायचं हे नंतर ठरवा, आधी तिला कॉलेजात सोडून या. वाटेत शनी भेटत नाही. वडप्याला ट्रॅफिक भेटतं, म्हणून थोडं लवकर निघा.