गोमुखीतला हात

"हात न लावता फिरतंय गड्या, हात न लावता!"

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. दिवेलागणीला वडूजच्या बाजारतळावर अख्खं गाव माना वर करून उभं होतं. मधोमध तीन पायांवर दुधाच्या कॅनएवढी जाडजूड नळी, तिच्या मागं कुणी जाऊ नये म्हणून दोरी बांधलेली. शेजारी पाटावर नक्षत्रमहाराज, डोळे मिटलेले, उजवा हात गोमुखीत. जपाची माळ कुणाला दिसू नये म्हणून ती कापडी पिशवी असते; यांची मात्र एखादं पायताण मावेल एवढी. आपण नाव सांगायचं, दुखणं सांगायचं. महाराज पुटपुटायचे, गोमुखी जराशी हलायची आणि नळी घर्रर्र करत आपोआप वळून आभाळात कुठंतरी थांबायची. मग खाली वाकून बुडाशी असलेल्या वाकड्या भिंगाला डोळा लावायचा. आत आपला तारा. तांबडा असला तर दुखणं आहे, पांढरा झाला की गेलं.

"मी कोण? मी पोस्टमन!" महाराज म्हणायचे. "आभाळाचं टपाल तुमच्या हातात देतो. पोस्टमनला काय द्यायचं ते ज्याच्या त्याच्या मनावर."

लोक हसायचे आणि ताट भरायचे. पहिल्या दिवशी मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना आली नाही, तेव्हा हसू गेलं.

अंजना माझी शेजारीण. नवरा पलटणीत, लांब तिकडं बर्फात. घरात ती आणि तिची नऊ वर्षांची अक्षता. पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. आळीत फ्रीज एकट्या माझ्याकडे, म्हणून औषधाची बाटली माझ्या फ्रीजच्या दारात, लिंबांशेजारी. अंजना दोन्ही वेळेला यायची आणि विचारायची, "आक्का, फ्रीज उघडू का?" वर्षानुवर्षं उघडत होती, तरी विचारायची.

मीच तिच्या दारात गेले.

"म्हाराजांनी काल तारा दावला, आक्का. लालभडक. म्हनले, सुयांनी रक्ताळलाय. सुई बंद करा, तिसऱ्या दिशी पांढरा करून दावतो."

"अगं, डॉक्टर काय म्हणालेत? एक दिवससुद्धा चुकवायची नाही!"

"डॉक्टर म्हनतो जल्मभर टोच. आक्का, तुमी टोचलंय का कवा पोटच्या लेकराला? ती झोपल्याचं सोंग करती, आन् मी न रडल्याचं."

मी घरी येऊन फ्रीज उघडला. बाटली लिंबांशेजारी तशीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अक्षतानं पाण्याची कळशी संपवली आणि सगळी ओकून टाकली. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला नासक्या फळांचा वास. मी गावातल्या डॉक्टरांना ओढत आणलं. ते दारातूनच ओरडले, "आत्ताच्या आत्ता सुई, सलाईन आणि सातारा! नाहीतर पोर सकाळ बघायची नाही."

अंजना उंबऱ्यात आडवी उभी. "आज तारा पांढरा व्हनार हाय. आता सुई लावली तर समदं मातीत. येवढा तारा बघते, मग तुमी म्हनाल तिथं येते."

डॉक्टर जीप आणायला गेले. मी पळत शाळेत गेले. विज्ञानाचे मिलिंद सर दोन्ही संध्याकाळी महाराजांच्या दोरीपाशी उभे होते, मी पाहिलं होतं.

"गोदाक्का, ती कॉम्प्युटरवाली दुर्बीण आहे. पुण्याच्या शिबिरात मी अशी चालवलीय. मांडली की तिला आधी दोन ठळक तारे ओळखून द्यायचे. हा व्याध, ही रोहिणी, असं. तेवढ्यावरून बाकीचं आभाळ ती स्वतः मांडते. मग नुसती बटणं दाबायची. महाराज सुरुवातीला नळीतून बघत दोन ताऱ्यांना फूल वाहतात ना? ती पूजा नाही, जुळवणी आहे."

"आणि जुळवणीनंतर कुणी तिचा पाय हलवला तर?"

"मग ती आंधळी. तिला वाटणार, आपण बरोबरच आहोत."

"मग मी हलवते," मी म्हणाले. एवढं वजन बाळगलंय, ते कधीतरी कामी यावं.

संध्याकाळी फुलं वाहून झाली. महाराज आरतीला पाठमोरे झाले आणि मी नारळाच्या पिशवीसकट नळीच्या पायावर कोसळले. पाय वीतभर सरकला.

"सांभाळून, माउली!"

"लुगडं अडकलं, महाराज."

अंजना पुढं आली. अक्षताची मान तिच्या खांद्यावरून लोंबत होती. गोमुखी हलली, नळी वळली, थांबली. "बघ बाई, धुतल्यासारखा पांढरा!"

अंजना वाकली. "काळं हाय."

"नीट बघ."

"समदं काळं हाय! तारा न्हाई. म्हाराज, माझ्या पोरीचा तारा न्हाई!"

ती किंकाळी मी मरेपर्यंत विसरणार नाही. महाराजांची फजिती होईल एवढंच मला दिसत होतं. त्या काळोखात आईला काय दिसेल, हे सुचलंच नव्हतं.

महाराजांनी भिंगाला डोळा लावला. कपाळावर घाम. पण जीभ तयार होती. "तू चोरून सुई लावलीस!"

"न्हाई वो! हिची आन! तीन दिस झालं, न्हाई लावली!"

तेवढ्यात मिलिंद सरांनी गोमुखी ओढली. आत माळ नव्हती. हातात मावेलसा बटणांचा डबा, त्यावर तांबडे चमकणारे आकडे आणि फोनसारखी गुंडाळीची वायर, झेंडूच्या हारांखालून थेट यंत्रात गेलेली.

"आरं, ह्यो तर रिमोट!" कुणीतरी ओरडलं. एकच गलका झाला. महाराज चपला सोडून पळाले, चारपाच गडी मागं धावले.

अंजनाला त्यातलं काहीच ऐकू जात नव्हतं. पोरीला छातीशी आवळून ती पुटपुटत होती, "तारा न्हाई... तारा न्हाई..." लबाडी उघडी पडली होती आणि ती तिथंच अडकून होती.

सरांनी स्वतः आभाळाकडे बघत, बटणं दाबून नळी हळूहळू वळवली. "अंजनाताई, बघा. परवाचा लाल, तो हाच का?"

ती वाकली. "ह्योच! हाय वो, हाय!"

"आता डोळा काढा. नळीच्या मागं उभ्या राहा आणि ती कुठं रोखलीय ते नुसत्या डोळ्यांनी बघा."

त्या जागी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. तिथं महाराजांची दोरी होती, आणि भिंगही असं वाकडं की बघणाऱ्याची मान खालीच. अंजनानं नळीवरून वर पाहिलं.

"ही... ही तर आमच्या अंगनातनं दिसती. भांडी घासताना, रोज."

"रोहिणी. ती लालच असते, तुमच्या-माझ्या जन्माआधीपासून. आणि तो तिकडचा व्याध, पांढराच असतो. आज तो दाखवून म्हणणार होते, तुमचा तारा धुतला."

"आई, पानी," अक्षताचे ओठ हलले.

अंजना माझ्याकडे वळली. "आक्का, फ्रीज उघडा हाय का?"

बाटली माझ्याजवळच होती, पिशवीत, नारळाखाली बर्फाच्या डब्यात. रस्त्याला डॉक्टरांची जीप उभी होती. सुई टोचली तेव्हा अक्षतानं झोपल्याचं सोंग केलं नाही. तिची शुद्ध हरपली होती. साताऱ्यापर्यंत अंजना एकच मोजत होती, लेकीचा श्वास.

पोर वाचली. डोळे उघडल्यावर कुरकुरली, "समद्यांनी बघितला. मला तारा दावलाच न्हाई."

त्या यंत्राचा काही दोष नव्हता. त्याला जे सांगितलं, ते त्यानं इमानानं दाखवलं. सांगणारा हात पिशवीत होता. तुमच्या गावात असला चमत्कार आला, तर भिंगाला डोळा लावण्याआधी दोरी ओलांडून मागं उभे राहा. नळी कुठं रोखलीय ते आपल्या डोळ्यांनी बघा. पिशवीतला हात बाहेर काढायला लावा. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तारा कुठल्याही रंगाचा दिसो.

अंजना आता पुन्हा दोन्ही वेळेला येते. "आक्का, फ्रीज उघडू का?" अजून विचारते.

"उघड बाई," मी म्हणते, आणि दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत हातातलं काम थांबवते.