सोमवार, बुधवार, शुक्रवार

दामाजी भोईर बोलायला लागले की मैदान गप्प व्हायचं. मानपाड्याच्या एका कारखान्यातली नोकरी सांभाळून ते कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करायचे, कोपरीपासून खडवलीपर्यंत कुठेही. मग अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, शब्द मात्र गेले. कळायचं सगळं, ओठांवर काही यायचं नाही.

त्यांची मुलगी रसिका घरूनच भाषांतराची कामं करायची. चौकशीचे फोन थांबेनात, म्हणून तिने ब्लॉग सुरू केला. बाबा ‘पाणी’ म्हणाले तेव्हा पहिली पोस्ट. मग कितीतरी दिवस काहीच नाही. ‘नको’ म्हणाले तेव्हा दुसरी. मैदानावरची जुनी माणसं वाचायची, आठवणी लिहायची. हळूहळू अनोळखी लोकही येऊ लागले. त्यांच्याही घरात कुणीतरी असंच गप्प झालेलं होतं.

तिचा कॉलेजमधला मित्र सलिल ठाण्याला एका जाहिरात कंपनीत होता. त्याने एकदा ब्लॉगचे आकडे बघितले.

“अगं, लोक येतायत, पण टिकत नाहीयेत. तू कधी लिहिणार ते त्यांना कळतच नाही. दिवस ठरवून टाक. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकदा सवय लागली की माणूस आपोआप येतो.”

“तेवढं घडायला तर पाहिजे ना.”

“घडतच असतं काहीतरी. नीट बघ.”

रसिका बघू लागली. बाबांनी चमचा कसा धरला, बातम्या बघताना मान कशी हलवली, सगळ्याची पोस्ट होऊ लागली. वाचक खरंच वाढले. पण रविवारची दुपार कलली की तिला एकच प्रश्न पडायचा. उद्या काय टाकायचं? मग चित्रांची कार्डं घेऊन ती बाबांसमोर बसायची. हे काय, आंबा. म्हणा, आंबा. बाबा तिच्याकडे बघायचे, मग कार्डाकडे, मग खिडकीबाहेर. ती पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरू करायची.

त्या बुधवारी तिच्याकडे काहीच नव्हतं. तिची आई शेवंती खडवलीला बहिणीकडे गेलेली. रसिका सकाळपासून बाबांच्या मागे लागली होती.

“बाबा, एक शब्द. कुठलाही चालेल.”

बाबांचा चेहरा ताणला गेला. “शे...” ते म्हणाले आणि हात हलवू लागले. “शे...”

“शेवंती? आईची आठवण आली?”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. हो की नाही, ते रसिकाने नीट बघितलंच नाही. ती लॅपटॉपकडे वळली होती. आयुष्यभर आईला नुसतं ‘अगं’ म्हणणाऱ्या बाबांनी आज तिला नावाने हाक मारली, असं तिने लिहिलं. लिहिताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. तासाभरात एवढ्या प्रतिक्रिया आल्या, जेवढ्या आधी कधीच आल्या नव्हत्या.

दुपारी शेवंती घरी आली. भाच्याने तिला पोस्ट वाचून दाखवली होती. पिशवी दारातच ठेवून ती नवऱ्यासमोर जाऊन बसली.

“म्हणा ना,” ती हळूच म्हणाली. “मी आलेय.”

दामाजींनी प्रयत्न केला. मानेची शीर फुगली. नुसतीच हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग हाताशी असलेला कप ढकलून दिला आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत निघून गेले.

शेवंती कपाचे तुकडे वेचू लागली. “तू पूर्ण नाव ऐकलंस ना गं?”

“शे ऐकलं.”

“आणि उरलेलं?”

“उरलेलं मी लिहिलं.”

शेवंती उठली. तुकडे टाकायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. सकाळी दूध उतू गेलं होतं, त्याचा करपलेला थर अजून तसाच होता.

“शेगडी म्हणत असतील,” ती आतूनच म्हणाली. “दूध जातंय ते सांगत होते तुला.”

रसिकाला जागेवर बसवेना. गॅलरीत गेली, परत आली, फोन उचलला. कल्याणच्या दक्षता नावाच्या एका बाईचा मेसेज आला होता. ‘ताई, तुमचे बाबा आठवड्यातून तीनदा सुधारतात. माझे मिस्टर वर्षभर आहेत तसेच आहेत. आज तुमचं वाचून मी त्यांना बोलले, तुम्ही प्रयत्नच करत नाही म्हणून. ते रडले.’

ती पोस्ट रसिकाने काढली नाही. तिच्याखाली खरं काय झालं ते लिहिलं, शेगडीसकट. दक्षताला वेगळं उत्तर लिहिलं, त्यात माफी मागितली. यापुढे सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहीन, असंही शेवटी टाकलं.

शुक्रवारी सलिलचा फोन आला. “निदान मैदानावरचा जुना फोटो तरी टाक. लोक विसरतात गं.”

“विसरू देत.”

म्हणाली खरी, पण दिवसभर लॅपटॉप उघडत होती आणि मिटत होती. सोमवारी तेच. वाचक भराभर गळाले. काहींनी खोटारडी म्हटलं. त्याहून तिला लागलं ते घरातलं. ती खोलीत आली की बाबा आधी तिच्या हातांकडे बघायचे, कार्डं आहेत का म्हणून.

महिना संपता संपता दक्षतानेच घरी बोलावलं. रसिका आईबाबांना घेऊन कल्याणला गेली. दक्षताचा नवरा संदेश, चाळिशीचा, दामाजींच्या शेजारी येऊन बसला. दोघांनाही बोलता येत नव्हतं. संदेशने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं. दामाजी हसले, मग तोही हसला. बायका आपापसात बोलत राहिल्या. रसिकाचा हात एकदा पर्समधल्या फोनकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

निघताना दक्षताने विचारलं, “आता कधी लिहिणार?”

“सांगता येत नाही.”

“बरं. मी बघत जाईन अधूनमधून.”

पुढची पोस्ट दिवाळी उलटून गेल्यावर आली. छोटीशीच होती. वाचणारे मोजकेच उरले होते, आणि बऱ्याच जणांनी ती दोन-तीन दिवसांनी वाचली. बुधवार आला की मात्र रसिकाची बोटं अजूनही चुळबुळतात.