अर्धी गोळी

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आगाऊ पैशांची उचल कोयत्याला, भाकरी दोघांत. मिरजगावच्या पंकजाला दुसरी रीत ठाऊकच नव्हती, म्हणून एचआयव्हीची गोळीसुद्धा ती रोज मोडायची. अर्धी तिची, अर्धी वाल्मिकची. आजार त्यालाही होता, पण गडी दवाखान्याची पायरी चढेना. गावातलं कुणी बघितलं तर? आता ह्या शहाण्याला कोण समजावणार!

त्या दिवशी दवाखान्यात समुपदेशक स्नेहलताईंनी पंकजाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पंकजाला लागण अगदी अलीकडची. ताप आला म्हणून तपासलं तेव्हाच ती कळली, आणि गोळ्या सुरू व्हायच्या आधी तिचं रक्त अभ्यासासाठी पुण्याला गेलं होतं. पडद्यावर ठिपक्यांची दाटी होती, सगळे निळे.

"हे तुझ्या रक्तातले विषाणू. सगळे सारखे, कारण तुझ्यात बहुधा एकच शिरला. हे सगळं त्याचंच गणगोत."

"येकच? ह्यांच्या अंगात तर लई असतील की."

"असंख्य. त्यातला एक पार झाला."

पंकजाच्या अंगावर सरसरून काटा आला. भ्यायला हवं होतं, पण आधी नवलच वाटलं. एवढ्या खंडीभरातून एकानं वाट काढली आणि तिच्यात गाव वसवलं. ती पडद्याकडं बघतच राहिली.

ताईंनी जुन्या लागणीचं चित्र लावलं. निळे, पिवळे, लाल, नुसती रंगपंचमी.

"एकाचे दोन होताना नकलेत चुका होतात. चुकता चुकता रूप बदलतं. तुझे तेव्हा अजून एकसारखे होते, पूर्ण गोळीनं दबून राहतील. गोळी कमी पडली, की तिला दाद न देणारे वाचतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते."

पंकजाच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, मी अर्धीच खाती. अर्धी ह्यास्नी देती."

स्नेहलताई रागावल्या नाहीत. "तुझं रक्त पुन्हा तपासू. पण त्यांना त्यांची गोळी हवी. कुठे आहेत?"

वाल्मिक बाहेर लिंबाखाली तोंडाला रुमाल बांधून बसला होता.

"उठा," पंकजा बाहेर येऊन म्हणाली. "भाकरी अर्धी खाऊ, गोळी न्हाई."

"कुणी वळखलं तर?"

तिला ती निळी दाटी आठवली. "तुमच्याकडनं माझ्यात येकटा आला त्यो. कुणाला भ्याला न्हाई, लाजला न्हाई. आन् तुमी दार वलांडाया भेताय?"

वाल्मिकनं रुमाल सोडला, त्यानंच डोळे पुसले आणि तिच्या मागोमाग पायरी चढला.