पूर्वरंगाची वही

ओहायोतल्या डब्लिनमध्ये कीर्तन म्हणजे मनोहरकाकांचं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तिथल्या थंडीत धोतराखाली थर्मल घालून, डोक्याला पगडी आणि हातात चिपळ्या घेऊन काका उभे राहिले, की जन्मभर पुलांचे नकाशे तपासणारा निवृत्त इंजिनियर कुठल्या कुठे जायचा आणि समोर उरायचा देवाचा एक लाडका, गोड गळ्याचा माणूस. पेटीवर त्यांच्या पत्नी, वसुधाकाकू. तबल्याला त्या महिन्यात जो मोकळा असेल तो.

काकांनी एक युक्ती काढली होती. गोष्ट सुरू होण्याआधी कीर्तनकार तत्त्व समजावतो, त्या पूर्वरंगात ते चक्क इंग्रजी म्हणी गात. इथे जन्मलेल्या मुलांना संतांचं मराठी कळत नाही, तर त्यांना निदान इंग्रजीतल्या जुन्या शहाण्यांचं ऐकवावं, एवढाच त्यांचा भाबडा विचार. लग्नावरच्या, जोडीदार कसा निवडावा यावरच्या म्हणी तर त्यांनी गावच्या लायब्ररीत बसून एका जाड वहीत नंबर घालून उतरवल्या होत्या. फार चोखंदळपणा करण्यावर नऊ, रूपाला भुलण्यावर सात, पत्करलेलं निभावून नेण्यावर तेरा, आणि अशा कितीतरी. म्हण चालीवर सुरू झाली, की काकूंची पेटी तिला सूर द्यायची आणि सगळा हॉल खूश व्हायचा.

त्यातही सगळ्यांची आवडती होती ती ‘गाडीतली गोष्ट’. दोन हजार तीन साली काकांच्या मुलीचं, चारुताचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. नागपूरचा शैलेंद्र, जर्सी सिटीत राहणारा, मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारा. हॉल बुक झालेला, पत्रिका गेलेल्या. एका दुपारी चारुता गॅरेजमध्ये गाडीतून उतरेचना. म्हणाली, “बाबा, मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. कॅन्सल करू या का?” काका तिच्या शेजारी जाऊन बसले. मागच्या सीटवरच्या कीर्तनाच्या पिशवीतून वही काढली आणि एकापाठोपाठ एक तीन म्हणी अशा झोकात म्हटल्या, की रडता रडता पोरीला हसू आलं. “ओके, बाबा,” ती म्हणाली. लग्न झालं. पुढच्या रामनवमीला काकांनी ती गोष्ट नाव न घेता सांगितली, पण ती कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी त्यांच्या मित्राच्या, अनिलच्या मुलाचा साखरपुडा होता.

“काका, रुक्मिणीस्वयंवर लावा आज,” अनिल म्हणाला. “आणि गाडीतली गोष्ट हवीच हं! सूनबाईंकडचे, हिमानीचे आईवडील, पार नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून आलेत, त्यांनी ऐकलेली नाही.”

काका पगडी सावरत हॉलच्या किचनमध्ये पाणी प्यायला गेले. तिथे चारुता कागदी प्लेटमध्ये पेढे मांडत होती. ती एकटीच आली होती.

“शैलेंद्रला नाही का गं जमलं?”

“काम आहे त्याला.”

“रविवारी?”

तिने पेढ्यांचा पुढचा बॉक्स उघडला. “बाबा, आम्ही मार्चपासून बोलत नाही. दूध संपलंय, रेंट गेलं, बस, एवढंच.”

“भांडलात की काय?”

“भांडलो असतो तर बरं झालं असतं. तो वाईट नाहीये, बाबा. त्याचं नागपूरला दुसऱ्याच कुणावर मन होतं. घरच्यांनी समजावलं त्याला. तुम्ही मला समजावलंत, तसंच.” मग ती सरळ त्यांच्याकडे वळली. “उद्या सकाळची परतीची फ्लाइट आहे. मी जाऊ, का नको? टेल मी.”

काकांनी तोंड उघडलं. ओठांवर आली ती वहीच. निभावून नेण्याच्या तेरातली एक, मग दुसरी. त्या त्यांनी कशाबशा गिळल्या, पण त्यांच्या जागी दुसरं काही येईना. बाहेर काकूंनी पेटीवर सूर धरला होता.

“कीर्तन होऊ दे, बाळा. मग बोलू,” ते म्हणाले आणि बुक्का लागलेल्या हाताने त्यांनी तिच्या गालाला स्पर्श केला. चारुता हातात प्लेट धरून तशीच उभी राहिली.

नारदाच्या गादीवर खोटं बोलायचं नाही, हा काकांचा नेम होता. आयुष्यात इतर ठिकाणी कधी इकडचं तिकडे झालं असेल, गादीवर नाही. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, की जे किचनमध्ये बोलता आलं नाही ते इथे, देवासमोर बोलायचं. पूर्वरंगात वही उघडली आणि मिटून खाली ठेवली.

“मंडळी, दोन वर्षांपूर्वी मी गाडीत बसून माझ्या लेकीला तीन म्हणी ऐकवल्या.”

हॉल सावरून बसला. अनिलने व्याह्यांना कोपराने ढोसलं, आता ऐका म्हणून.

“मी चुकलो.”

हशा पिकला. काकांनी गोष्टीला नवीन कलाटणी दिली, असंच सगळ्यांना वाटलं.

“नाही, खरंच सांगतो. पोर मला विचारत होती आणि मी गात होतो!”

आणखी मोठा हशा, टाळ्या. तबलजीने खुशीत एक तुकडा वाजवला. फक्त वसुधाकाकूंची बोटं पेटीवर थांबली. किचनच्या दारात चारुता उभी होती. तिने एकदा हॉलकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि ती आत वळली.

तेव्हाच काकांनी थांबायला हवं होतं. गादीवरून उतरून आत जायला हवं होतं. पण समोर हशा आला, की कीर्तनकाराच्या गळ्यात पुढची ओळ आपोआप येते. ती आली. रुक्मिणी आली, तिच्या भावाने ठरवलेला नको असलेला वर आला, तिने चोरून लिहिलेलं पत्र आलं. घरात तिचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं म्हणून परक्याला लिहिलेलं ते पत्र काका इतकं आर्त गायले, की हिमानीच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

आरती झाल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे पाया पडायला रांगेत आले. “नवा शेवट भारी होता, काका! लग्नातही हाच लावा,” अनिल म्हणाला. रांगेत चारुताही होती. वाकली, म्हणाली, “छान झालं, बाबा,” आणि पुढे सरकली. मागे अजून तीस माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिला एअरपोर्टला सोडायला निघाले. हायवेला लागल्यावर बोलले, “जाऊ नकोस. राहा इथेच.”

“काल किचनमध्ये उभी होते ना मी, बाबा. मला नाही सांगितलंत. शंभर लोकांना सांगितलंत.”

“तुझ्यासाठीच सांगितलं गं.”

“आय नो. आता काही वाटतच नाही मला. तिथे काय, इथे काय.” मग तिने आवाज न चढवता, जवळजवळ मायेनेच म्हटलं, “नंबर एकेचाळीस, बाबा.”

काकांना नंबर एकेचाळीस पाठ होता: जसं अंथरूण घातलंस, तसंच त्यावर निजायचं. निभावून नेण्याबद्दलच्या तेरातला. गॅरेजमध्ये त्यांनी तिसरी म्हणून गायलेली म्हण तीच. तिला उत्तर देणारी एखादी आठवावी म्हणून त्यांनी मनातल्या मनात सगळी वही चाळली. लायब्ररीतल्या पुस्तकांत उलट बाजूच्याही भरपूर होत्या, सोडून देण्याच्या, एकटं राहण्याच्या; मराठी मंडळात बऱ्या दिसणार नाहीत म्हणून त्यांनीच त्या उतरवल्या नव्हत्या. घरी परत येणाऱ्या लेकीसाठी त्या वहीत एक ओळ नव्हती. आणि वहीबाहेरचं बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

टर्मिनलपुढे तिने बॅग उतरवली, कालच्यासारखीच वाकून नमस्कार केला. “आईला सांगा, पोचले की फोन करते.”

काचेचं दार बाजूला सरकलं आणि ती आत गेली. काका कडेलाच उभे होते. पोलिसाने दोनदा हात केला, तेव्हा त्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर पिशवीत चिपळ्या होत्या. प्रत्येक वळणावर त्या आपसूक वाजत होत्या.