ओठ मिटतात तिथे

“शरण या!”

काचेपलीकडून दिग्दर्शकाने मान हलवली. वाक्य पडद्यावरच्या ओठांवर बसत नव्हते.

ढगकाकांनी हेडफोन सारखा केला. स्टुडिओत त्यांचे खरे नाव कोणाला आठवत नसे. आवाज गडगडणारा, म्हणून ढगकाका. डबिंगमधले दरोडेखोर, जल्लाद आणि बोलणारी अस्वले त्यांच्या वाट्याला येत. घरी मात्र बायको म्हणायची, “जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.”

पडद्यावरचे चित्रण मुके होते. एका अनुयायाने साध्या कॅमेऱ्याने टिपलेले. सभागृहाच्या दारात पंथाचा प्रमुख उभा होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होता. त्यानंतर त्याच्याच माणसांनी बाहेरून कड्या घातल्या आणि आग लावली. आतले कोणी वाचले नाही. माहितीपटासाठी त्या मुक्या तोंडाला आवाज हवा होता.

“काका, पुन्हा एकदा,” दिग्दर्शक म्हणाला.

“कितीदाही घे, नाही बसणार. त्याचे ओठ दोनदा मिटतायत. ‘शरण या’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत. प, ब, म असं काहीतरी हवं.”

“‘मरा’ टाकू या?” रेकॉर्डिस्ट मुलगी म्हणाली आणि तिने जीभ चावली. मागच्या खुर्चीवर एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी पडद्यावरच्या त्या आत जाणाऱ्या रांगेत होती. आपल्या मुलाखतीतली काही वाक्ये पुन्हा बोलण्यासाठी त्या आल्या होत्या.

“‘दमलीस ना? बस आता,’” बाई म्हणाल्या. “असं म्हणायचा तो.”

रेकॉर्डिस्ट मुलीने मागे वळून पाहिले.

“तिला परत आणायला गेले होते मी. संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रत्येकाला असंच म्हणाला. हळू, अगदी जवळ येऊन. माझ्याही डोक्यावर हात ठेवला होता.”

काकांनी दृश्य पुन्हा लावायला सांगितले. ‘म’वर ओठ मिटले, ‘ब’वर मिटले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“त्याच्यावरच्या त्या सिनेमात तुम्हीच होतात ना? त्याचा आवाज?” बाईंनी विचारले.

“हो.”

“फार गाजला. शेजारीण बघून आली आणि मला म्हणाली, अशा राक्षसाच्या मागे तुमची लेक गेलीच कशी, डोकं फिरलं होतं का तिचं? तीन सिनेमे निघाले त्याच्यावर, तिन्हींत ओरडतो. ओरडणाऱ्याच्या मागे नसती गेली हो ती. दवाखान्यात नोकरीला होती, दिवसभर ओरडा खाऊनच घरी यायची. आणि घरी आली की मी म्हणायचे, आलीस? कपडे वाळत घाल.”

“पण मावशी,” दिग्दर्शक म्हणाला, “हे असं ऐकून लोकांना तो चांगला वाटेल.”

“वाटू दे. तिलाही वाटला होता.”

दिग्दर्शकाने कपाळ चोळले. “दोन्ही घेऊ. एक गरजून, एक हळू. चॅनलला काय हवं ते चॅनल ठरवेल.”

काका आधी गरजले. ‘दमलीस ना?’ हे शब्द त्या आवाजात इतके विचित्र वाटले की रेकॉर्डिस्ट मुलीला हसू फुटले. तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

मग ते माइकच्या जवळ सरकले. आजाऱ्याची उशी सरळ करताना माणसाचा जो आवाज निघतो, तो त्यांनी शोधला.

“दमलीस ना? बस आता.”

पडद्यावर एका मुलीने मान वर केली आणि ती हसली. मुक्या चित्रणात ते हसू खुळे दिसत होते. आता तसे दिसेना. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी खुर्ची पुढे केली होती, एवढेच.

मागे बसलेल्या बाईंचे खांदे सैल पडले. ते त्यांच्याही लक्षात आले, आणि त्यांनी पदर ओढून घेत ते पुन्हा ताठ केले.

“गरजलेला अजून एक घेऊ या का? मघाशी हसू आलं मध्येच,” दिग्दर्शकाने विचारले.

“घसा बसला,” काका खणखणीत आवाजात म्हणाले.

दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो रेकॉर्डिस्ट मुलीला म्हणाला, “तो गरजलेला पुसून टाक.”

“चॅनलनं विचारलं तर?”

“सांगू, काकांचा घसा बसला.”

काम संपल्यावर काका बाईंना सोडायला जिन्यापर्यंत गेले. दार त्यांनी उघडून धरले, पण तोंड उघडले नाही. आपला आवाज या बाईंच्या कानावर आणखी पडू नये असे त्यांना वाटत होते.

दोन पायऱ्या उतरून बाई थांबल्या.

“काहीतरी बोला ना.”

काका दार सोडून पुढे आले.

“तुमच्या स्वतःच्या आवाजात बोला. नाहीतर मी त्याचाच आवाज घरी घेऊन जाईन.”

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये बोललेल्या माणसाला स्वतःचे एकही सापडेना. त्यांनी खाली वाकून जिना पाहिला.

“कठडा धरा,” ते म्हणाले. “वळणावरची पायरी उंच आहे.”

बाईंनी कठडा धरला, आणि त्या सावकाश उतरू लागल्या.